बदललेले बॉल

१

दादाने जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर एकेक करून चार पांढऱ्या वाट्या मांडल्या. वाट्या कसल्या, गोल्फचे दोन बॉल होते ते. लोखंड कापायच्या करवतीने मधोमध कापलेले.

"बघ नीट," तो म्हणाला.

एका बॉलच्या पोटात थरावर थर होते, कांद्यासारखे. दुसऱ्याच्या पोटात नुसता एक रबराचा गोळा आणि त्यावर पातळ साल. बाहेरून मात्र दोन्ही जुळे भाऊ. दोन्हींवर एकाच कंपनीचं नाव.

"हा थरवाला मी काल दुकानातून आणला. आणि हा दुसरा माझ्या लॉकरमधल्या डब्यातला. त्या डब्यातले आणखी दोन कापले, तेही असलेच. माझे बॉल कोणीतरी बदललेत, चिमे!"

चिमी म्हणजे मी. केस पांढरे झाले, विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडता पकडता निवृत्त झाले, मोठमोठे कारखानदार मला बघून घाम पुसायचे. पण मोठ्या भावाच्या घरात शिरलं की मी चिमीच. दादाने जन्मभर पूल बांधले आणि निवृत्त झाल्यावर या गोल्फच्या नादी लागला. मला तो खेळ कधी कळला नाही. एवढासा बॉल, तो आपणच लांब मारायचा आणि मग आपणच शोधत हिंडायचं! पण दादाचा त्यावर जीव. आणि त्याचं एक ठाम मत होतं, की लांब मारायचं तर बॉल उत्तमच हवा. हलक्या प्रतीच्या बॉलने हौशी माणसाचं खूप नुकसान होतं म्हणे. यावरून तो क्लबात कोणाशीही तासभर भांडायचा.

"थंडीपासून माझा बॉल जवळच पडतोय," तो म्हणाला. "आधी तळं ओलांडून जायचा, आता सरळ तळ्यात. मला वाटलं, संपलो आपण. आणि निघालं काय, तर ही लबाडी!"

हे सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी बघतच राहिले. चोरी झाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"पण कापून बघायचं तुला सुचलं कसं?"

"हिनेच सुचवलं. म्हणाली, एवढी शंका येतेय तर एकदा कापूनच बघा."

वहिनी ओट्याशी पाठमोरी भांडी विसळत होती. तिने नळ आणखी मोठा सोडला.

"लॉकरला हात कोण लावू शकतं?"

दादाचा चेहरा पडला. "लॉकर आमचा दोघांत एक आहे. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे आणि दुसरी दात्याकडे."

दात्या म्हणजे दादाचा शाळेपासूनचा मित्र. दातांचा डॉक्टर, म्हणून दात्या. आमच्या आईला शेवटी दोन्ही बाजूंनी खांदा द्यायला हे दोघं होते.

"दात्या असं करेल?" मी म्हटलं.

"या वर्षी तो मला सारखा हरवतोय. कालच मी कमिटीला तक्रार दिली. शनिवारी बैठक आहे. आरोप खरा ठरला की त्याला क्लबातून काढतील." मग जरा थांबून म्हणाला, "तू सिद्ध करून दे, चिमे. तुझं कामच आहे ते."

२

दात्याच्या दवाखान्यात पेशंट नव्हता. तो स्वतःच त्या मोठ्या खुर्चीत आडवा होऊन छताकडे बघत होता.

"या, तपास अधिकारी," तो न उठता म्हणाला. "अक्कलदाढ दाखवायला आलीस की माझी अक्कल काढायला?"

"डॉक्टर, थट्टा पुरे. दादाचे बॉल तुम्ही बदललेत?"

"तो म्हणतोय ना? मग बदलले असतील."

"असतील म्हणजे काय?"

"बदलले. झालं समाधान?"

आता, केलेली लबाडी नाकारणारी माणसं मी हजारांनी पाहिली. गुन्हा असा अंगावरचं उपरणं झटकल्यासारखा कबूल करणारा विरळा. मी सरळ विचारलं, "त्यांच्या जागी कुठले बॉल ठेवलेत?"

"कुठले म्हणजे... दुसऱ्या एका कंपनीचे. स्वस्तातले."

चूक. डब्यातल्या बॉलवर नाव दादाच्याच कंपनीचं होतं. ज्याने ते ठेवले, त्याला एवढं तरी माहीत असायला हवं.

"आणि खरे बॉल कुठे आहेत?"

"खेळून हरवले. बॉल हरवायलाच असतात गं."

तो उठून बसला आणि उगाचच हत्यारं जागेवर लावू लागला. त्याची बायको गेल्यापासून हा माणूस सकाळी क्लबात जातो, दुपारी दवाखान्यात बसतो, संध्याकाळी पुन्हा क्लबात जातो. घरी वाट बघणारं कोणी नाही. क्लबातून काढलं तर हा जाणार कुठे?

"डॉक्टर, सगळ्यांसमोर चोर म्हणून काढतील तुम्हाला. दादा पुन्हा तोंड बघणार नाही तुमचं."

त्याच्या हातातला आरसा थांबला. "तो जेवतो का गं नीट?" त्याने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?"

"सहज विचारलं." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवलेही नाहीत. "चिमे, माझं एक ऐक. तू हा तपास सोडून दे. शनिवारी मला काढतात तर काढू देत."

३

तपास सोड म्हटलं की मी सोडत नाही. या खोडीपायी नोकरीत मला बढती उशिरा मिळाली.

क्लबच्या आवारातल्या दुकानात मी कापलेला बॉल दुकानदारापुढे ठेवला. तो बघताक्षणी हसला.

"हा रंगवलेला माल, ताई. लोकांचे तळ्यात पडलेले बॉल काढतात, धुतात, रंग देतात आणि वर हवं ते नाव छापतात. आत कुठला जुना बॉल निघेल ते देवालाच ठाऊक. आम्ही तसं सांगूनच विकतो, सरावासाठी."

"कधीपासून?"

"गेल्याच महिन्यात पहिल्यांदा आणले."

गेल्या महिन्यात! आणि दादाचा बॉल थंडीपासून जवळ पडत होता. म्हणजे दुखणं आधीचं होतं आणि बॉल नंतर बदलले होते.

"घेतले कोणी कोणी?"

"कोणाकोणाचं लक्षात ठेवू? सगळेच घेतात. नवऱ्याला भेट द्यायची म्हणून बायका येतात, स्वस्त बघून हेच उचलतात आणि मग नवरे माझ्याशी भांडायला येतात."

तिथून मी सरावाच्या मैदानावर कोचला गाठलं. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. मी त्याच्यापुढे दुकानातूनच घेतलेले दोन्ही प्रकारचे कोरे बॉल ठेवले. वरून सगळे सारखेच. कुठला कुठला हे मला एकटीला कळावं म्हणून मी खऱ्यांवर बारीक ठिपका दिला होता. आधी कोचने स्वतः मारले. खरे बॉल चांगलेच पुढे गेले.

"बघा, म्हणजे दादाचं बरोबर आहे," मी म्हटलं.

"थांबा. हे माझ्या हाताचं झालं. आता त्यांना मारू द्या."

तीन हौशी सभासद घाम गाळत सराव करत होते. त्यांनी आळीपाळीने मारले. कधी खरा पुढे, कधी रंगवलेला पुढे. एकाने तर रंगवलेला इतका लांब मारला की स्वतःच नाचला. सगळे बॉल एकमेकांत मिसळून पडले होते. माझे ठिपके शोधत मी गवतात फिरले, तर दोन्हींत चार-सहा पावलांपलीकडे फरक निघेना. त्याहून जास्त फरक एकाच माणसाच्या दोन फटक्यांत पडत होता.

"हौशी माणसाची स्टिक तेवढ्या वेगाने फिरतच नाही," कोच म्हणाला. "चांगला बॉल चांगलाच असतो, पण त्याचा जोर बाहेर काढायला मारणाराही तसा लागतो. मी सगळ्यांना सांगून थकलो. कोणाला पटत नाही. सराव करण्यापेक्षा बॉल विकत घेणं सोपं ना!"

"पण दादाचा बॉल तर तळंसुद्धा ओलांडत नाही. तो फरक चार-सहा पावलांचा नाही."

"नाही."

"बॉलने एवढा फरक पडणार नाही?"

"शक्यच नाही."

"मग कशाने पडतो?"

कोचने टोपी काढली, पुन्हा घातली. "ते मला विचारू नका, ताई. तुम्ही सख्ख्या बहीण आहात. घरी जाऊन त्यांच्याकडे जरा नीट बघा."

४

दादा टेबलाशी बसून नव्या बॉलवर खुणा करत होता. गोल्फमध्ये प्रत्येकजण आपापल्या बॉलवर खूण करतो, दुसऱ्याच्या बॉलशी गफलत नको म्हणून. दादाची खूण एक त्रिकोण आणि आत ठिपका. दुकानातून डबा आणला की तो इथे बसून खुणा करायचा, डबा एखाददोन दिवस कपाटावर पडून राहायचा आणि मग लॉकरमध्ये जायचा.

मी समोर बसले आणि पहिल्यांदाच बघायचं म्हणून बघितलं.

त्याने पेन मुठीत धरलं होतं, लहान मूल धरतं तसं. त्रिकोणाची एक बाजू खाली घसरली, दुसरी तिला जाऊन मिळेचना. ठिपका बाहेर पडला.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," तो म्हणाला.

वहिनीने पाण्याची बाटली आणली, न सांगता झाकण उघडलं आणि त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली. हे सगळं अगदी सवयीने झालं. मी दर आठवड्याला या घरात येते. लोकांच्या जळलेल्या गोदामांतली राख चिवडून मी खरं-खोटं सांगायचे, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या भावाच्या हातातलं बळ चाललं होतं ते मला दिसलं नाही!

लॉकरमधल्या डब्यातला न कापलेला एक बॉल माझ्या पर्समध्ये होता. मी तो टेबलाखाली हळूच बाहेर काढला. त्यावरचा त्रिकोण पट्टीने काढावा तसा होता. तिन्ही बाजू सारख्या, ठिपका बरोबर मध्यावर.

ही खूण दादाने केलेली नव्हती. गेले कित्येक महिने तो अशी खूण करूच शकला नसता.

दात्याचा हात असा स्थिर आहे खरा. पण डब्यात काय ठेवलंय हेच दात्याला माहीत नव्हतं. शिवाय चोराला काय हवं असतं? आपली चोरी उघडकीला येऊ नये, एवढंच. इथे तर एका माणसाला ती उघडकीला यायलाच हवी होती. बॉल कापून बघा, असं त्या माणसाने आपणहून सांगितलं होतं. लॉकर कोणी उघडलाच नव्हता. डबा या घरातून निघाला तेव्हाच त्यातले बॉल बदललेले होते.

मी मान वर केली. वहिनी माझ्याकडेच बघत होती. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली माझी वहिनी.

"चिमे, गच्चीत कपडे वाळत घालायचेत," ती म्हणाली. "येतेस?"

५

गच्चीत ती एकेक शर्ट झटकून दोरीवर टाकत राहिली. मी चिमटे देत राहिले.

"खरे बॉल कुठे आहेत?" मी विचारलं.

"शिलाई मशीनच्या खणात. टाकवले नाहीत गं. त्यांच्यावर ह्यांच्या हातच्या खुणा आहेत." तिचा आवाज अगदी सपाट होता. "एकाहून एक वाकड्या होत गेल्यात."

"काय झालंय दादाला?"

"नसांचा आजार आहे. स्नायू एकेक करून दुबळे होत जातात. आधी हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं. औषध नाही. डॉक्टर म्हणाले, फार वर्षं नाहीत. ह्यांना वाटतंय की मानेची शीर आखडलीय. मीच डॉक्टरांच्या हातापाया पडले, इतक्यात सांगू नका म्हणून."

मी चिमट्यांची टोपली खाली ठेवली.

"रोज क्लबातून यायचे आणि खुर्चीत बसून हातांकडे बघत राहायचे. म्हणायचे, माझ्यात काही उरलं नाही. जेवायचे नाहीत. मी काय करू, सांग ना? ह्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास, तो बॉलवर. मग म्हटलं, बॉलच खराब निघू दे. दोन दिवस तरी वाटू दे ह्यांना, की आपण आहोत तसेच आहोत. ज्या दिवशी बॉल कापला ना चिमे, त्या दिवशी हे पोटभर जेवले. शीळ घातली ह्यांनी!"

"आणि नवे बॉल आणल्यावर?"

"तोवर आणखी काहीतरी सुचलं असतं."

"वहिनी, दात्यावर आळ आलाय."

तेव्हा ती कोसळली. ओल्या शर्टात तोंड खुपसून मटकन खाली बसली. "मला वाटलं, दुकानदाराशी भांडतील आणि संपेल. दात्याभावजींचं नाव माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं! मी त्यांच्याकडे आजारासकट सगळं सांगायला गेले, तर बॉलचं त्यांना आधीच कळलेलं. मैदानात ह्यांचा बॉल उचलून देताना खूण बघितली, कंपनीचं नाव बघायचं सुचलंच नाही, पण खुणेवरून ओळखलं म्हणाले. एवढा सरळ त्रिकोण आता त्याचा नाही, तुमचा आहे, असं म्हणाले. मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही म्हणून. चोर मला म्हणू दे, म्हणाले."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. खूप वेळ आम्ही दोघी नुसत्या रडलो. मग मी म्हटलं, "दादाला सांगावं लागेल."

"नको गं."

"वहिनी, एका माणसाचं नाव जातंय. आणि दादाचा सगळ्यात जवळचा मित्र जातोय, जेव्हा त्याला तो सगळ्यात जास्त लागणार आहे तेव्हा."

तिने डोळे पुसले. "माझ्या तोंडून नाही निघणार," ती म्हणाली. "तू सांग."

६

शनिवारी क्लबच्या फाटकाशी मी गाडी बाजूला लावली. दादा शेजारी, वहिनी मागे. दादा उत्साहात होता.

"सापडला पुरावा?" त्याने विचारलं.

"सापडला. पण चोर दात्या नाही."

मी सगळं सांगितलं. मोजूनमापून, एकापुढे एक, जसं अहवालात सांगायचे तसं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने मला ते सांगताच आलं नसतं. बॉलची परीक्षा, दुकानदार, खुणा, मशीनचा खण. मग आजार. आजाराचं सांगताना मला दोनदा थांबावं लागलं.

दादा समोरच्या काचेतून बघत होता. त्याने वहिनीकडे वळूनही बघितलं नाही.

"मला लहान मूल समजलात सगळे," तो शेवटी म्हणाला आणि दार उघडून चालू लागला. आम्ही मागे धावलो.

कमिटीच्या खोलीत सेक्रेटरी, चार सभासद आणि टेबलाच्या टोकाला खाली मान घालून दात्या. सेक्रेटरीने घसा खाकरला, पण दादाने त्याला बोलूच दिलं नाही.

"मी तक्रार मागे घेतो," तो उभ्यानेच म्हणाला. "माझे बॉल कोणी चोरले नाहीत. मी आजारी आहे. माझ्या हातात जोर राहिला नाही आणि तो पुन्हा यायचा नाही. या माणसाला मी चोर म्हटलं. ते खोटं होतं. लिहून घ्या."

दात्या उठला आणि दादाला धरून बाहेर ओसरीत घेऊन आला.

"का बोलला नाहीस रे?" दादा म्हणाला. "चारचौघांत तुझी अब्रू काढली मी. एका शब्दाने मला गप्प करता आलं असतं तुला."

"तोच शब्द तर बोलायचा नव्हता, पूलवाल्या."

"क्लबातून काढलं असतं तुला!"

"काढलं असतं. मग? तुला आणखी थोडे दिवस मिळाले असते."

दादा रडला. आई गेली तेव्हा मी त्याला कोपऱ्यात डोळे पुसताना पाहिलं होतं. आता भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तो मोठ्याने रडत होता आणि दात्या त्याला लहान मुलासारखं थोपटत होता. त्या दातांच्या डॉक्टरला काय वाटत होतं ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच वाटत होतं. हे दादाला कळलंच नसतं तर किती बरं झालं असतं!

वहिनी जरा लांब, खांबाला टेकून उभी होती. जवळ यायचा तिला धीर होत नव्हता. दादाने तोंड पुसलं आणि तिच्याकडे चालत गेला. मला वाटलं, आता तो चिडणार.

"इतके महिने एकटीनेच सोसलंस?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

"पुन्हा असं करायचं नाही. भीती वाटली की मला सांगायचं." तो तिच्याजवळ खांबाला टेकला. "मलाही खूप भीती वाटतेय गं."

वहिनीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याला तिचा हात घट्ट धरता येत नव्हता, म्हणून तिनेच धरला, आणि दोघं तसेच हळूहळू गाडीकडे चालत गेले.